बारीक नळीची काडतुसं

"बत्तीसचं नाही ते," आतल्या दारात उभी असलेली अंजनी म्हणाली. "तीनशे वीसचं आहे. जुन्या बुलडॉग रिव्हॉल्व्हरचं."

वाईहून आलेल्या गृहस्थांना मी नुकतंच छातीठोकपणे सांगितलं होतं, की बत्तीस बोअरचं काडतूस आहे, केव्हाही या, मिळेल. त्यांच्या वारलेल्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर आमच्या काउंटरवर पडलं होतं आणि शेजारी औषधाच्या बाटलीतून ओतलेली चार काळपट काडतुसं. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, त्यातलं एक उचललं, अंगठ्यानं त्याची कड चाचपली आणि समाधानानं मान हलवली.

"वामन, ती म्हणतेय ते बरोबर आहे. हे यायचं बंद होऊन तुझ्या वयाइतकी वर्षं झाली."

गृहस्थ माझ्याकडं पाठ करून तिच्याकडं वळले आणि कुठं मिळतील ते विचारू लागले. मी रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळत राहिलो. अंजनी माझी बायको. आमच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

साल एकोणऐंशी, दसरा पंधरा दिवसांवर आलेला. कराडात आमचं, पांचाळांचं, बंदुकांचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं घर. बहात्तर साली शिकारबंदीचा कायदा आला आणि धंद्याचा कणाच मोडला. शेताच्या राखणीसाठी बारा बोअरच्या बंदुका तेवढ्या खपायच्या. बाकी कपाटात राहिल्या होत्या त्या जुन्या रायफलींच्या काडतुसांच्या पेट्या. चारशे पाच, तीनशे अठरा, दोनशे ऐंशी. एकेकाळी संस्थानिक आणि साहेबलोक ज्यांच्यासाठी अप्पांना पत्रं धाडायचे, ती काडतुसं बनवणारे कारखानेच आता राहिले नव्हते. पण रायफली होत्या ना. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या चुलत्याची. ती माणसं पाच-दहा काडतुसांसाठी गावोगावची दुकानं पालथी घालायची.

अंजनी लग्न होऊन आली तेव्हा तिला बंदूक कुठून धरतात तेही ठाऊक नव्हतं. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि दुसऱ्याचं करून घ्यायला ते तयार होईनात. मग पाकिटांवरचं बारीक इंग्रजी वाचायला त्यांनी तिला हाक मारायला सुरुवात केली. मॅट्रिक झालेली होती. वाचता वाचता ती विचारायला लागली, अप्पा सांगायला लागले, आणि दोन वर्षांत ती बुडावरचा शिक्का न बघता नुसत्या आकारावरून काडतुसाचं घराणं सांगू लागली. नागपूर, हुबळी, हैदराबाद, म्हैसूर, जिथं जिथं जुने दुकानदार होते तिथं तिनं पोस्टकार्डं पाठवली. कुणाकडं कशाची किती शिल्लक आहे ते तिला पाठ असायचं. गिऱ्हाइकं दारातून आत यायची ती "बाई आहेत का?" असं विचारतच.

मी काही नालायक नव्हतो. बंदुकीचा मोडलेला लाकडी दस्ता मी असा जोडायचो की सांधा शोधून सापडू नये. पण अप्पांनी मला शिकवलं ते नळी साफ करायच्या गजाचे फटके देऊन. एक शब्द चुकला की फटका. तिला मात्र ते गोष्टी सांगायचे. दुपारची जेवणं झाली की दोघं कपाटापुढं बसायचे, ती एकेक काडतूस त्यांच्या हातात ठेवायची आणि ते त्या काडतुसाच्या राज्यातल्या शिकारी, साहेब, हाकारे असं काही काही सांगत राहायचे. त्यांचं हसणं मला मागं मोरीपर्यंत ऐकू यायचं. कपाटाच्या किल्ल्या आई गेल्यापासून अप्पांच्या कनवटीला असत. एक दिवस बघतो तर त्या अंजनीच्या कमरेला. मला कुणी सांगितलंही नाही.

मला नक्की कुणाचा मत्सर वाटायचा हे तेव्हा मला उमगत नव्हतं. कधी वाटायचं, हिनं माझा बाप पळवला. कधी वाटायचं, माझ्याशी हिला दोन शब्द बोलायला वेळ नाही आणि म्हाताऱ्याशी तासन् तास बोलते, म्हणजे त्यानं माझी बायको पळवली. जेवायला बसलो की ती आधी अप्पांचा भात कालवायची. त्यांना दिसत नव्हतं म्हणूनच, पण मी ते मोजायचो.

त्या वर्षी शिरगुंडीच्या हैबतराव इनामदारांचं काम अंजनीनं फार मनावर घेतलं होतं. हैबतराव सत्तरीचे. त्यांच्या वडिलांनी घेतलेली आठ मिलिमीटरची एक जर्मन रायफल त्यांच्याकडं होती. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली, की नदीकाठच्या माळावर जाऊन पलीकडच्या दरडीत पाच बार काढायचे, ही त्यांच्या घराण्याची चाल. काडतुसं संपत आली होती. आदल्या वर्षी दोनच बार निघाले, आणि ते दोन बार मोजून गावातली माणसं गप्प घरी गेली, हे सांगताना हैबतरावांचा आवाज कापला होता.

त्यांच्या रायफलीत एक मेख होती. जर्मनांनी ही रायफल आधी बारीक नळीची केली, आणि पुढं काही वर्षांनी नळी आणि गोळी दोन्ही जाड केली. हैबतरावांची त्याआधीची, बारीक नळीची. फरक केसाएवढा. काडतूस दिसायला तेच, लांबी तीच, बारीक नळीच्या रायफलीत नव्या चालीचं काडतूस सहज बसतंही. पण चाप ओढला की जाड गोळी बारीक नळीत कोंडते आणि मागचा सगळा दाब डागणाऱ्याच्या तोंडाशी फुटतो. नवं काडतूस ओळखायचं ते बुडावरच्या आणि पाकिटावरच्या इंग्रजी 'एस' अक्षरावरून. एक्कावन्न साली पाटणच्या बाजूच्या एका माणसाचा गाल आणि डोळा त्यात गेलेला अप्पांनी डोळ्यांनी बघितला होता. ही दोन पाकिटं कपाटात कधी शेजारी ठेवायची नाहीत, हा आमच्या दुकानाचा नियम होता.

जुन्या चालीची, म्हणजे बारीक गोळीची, दहा काडतुसं अंजनीनं हुबळीच्या एका दुकानदाराकडं शोधून काढली. परवाना घेऊन ती आणायला मी गेलो. परत आलो तर अप्पा हैबतरावांच्या माणसाला सांगत होते, सूनबाईनं आणली म्हणून.

सप्तमीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दसऱ्याआधी सगळ्या गावच्या बंदुका साफसफाईला आमच्याकडं यायच्या. त्यात सकाळीच अंजनीच्या माहेराहून कार्ड आलं होतं, आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून. दसरा झाला की जा, असं मी म्हणालो होतो. ती बरं म्हणाली होती.

बाराच्या सुमाराला हैबतराव स्वतः आले. अप्पांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. अंजनीनं कपाट उघडलं. मी समोरच पकडीत एक नळी अडकवून घासत होतो. मला दिसलं, की तिचा हात वरच्या कप्प्याऐवजी खालच्या कप्प्यात गेला. हुबळीचं पाकीट वर होतं. खालच्या पाकिटाच्या कोपऱ्यावरचा लाल 'एस' मला चार हातांवरून स्पष्ट दिसत होता. तिनं पाच काडतुसं मोजली, कागदात बांधली, वर दोरा गुंडाळला आणि दोन्ही हातांनी हैबतरावांपुढं धरली.

मी तोंड उघडलं होतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तेवढ्यात हैबतराव अप्पांना म्हणाले, "नशीबवान आहात. असं माणूस आमच्या घरात असतं तर आमची शस्त्रं अशी गंजली नसती."

"माझे डोळेच आहेत ते," अप्पा म्हणाले.

मी तोंड मिटलं आणि नळी घासू लागलो.

माझ्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. बार निघायचे ते नवमीला, अजून दोन दिवस होते. संध्याकाळी गर्दी ओसरली, की अप्पांना एकट्यानं गाठायचं आणि सांगायचं, तुमच्या डोळ्यांनी आज काय केलं ते बघा. मग गाडी काढून शिरगुंडीला जायचं, काडतुसं बदलून आणायची. एकदा तरी अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला असता. हे सगळं मी नळी घासता घासता इतकं रंगवलं, की ती चूक तिनं केली याचा मला आनंद व्हायला लागला.

संध्याकाळी अप्पांकडं कोणी ना कोणी बसलेलं होतं. राहिलं. अष्टमीला सकाळी मी त्यांच्याजवळ गेलो, तर त्यांनीच मला बसवून घेतलं. डिसेंबरात दुकानाचं लायसन नवं करायचं होतं. ते म्हणाले, "माझं नाव आता कमी करतो. तुझं आणि अंजनीचं घालू. पहिलं तिचं. माल तिला कळतो." मग म्हणाले, "तुला वाईट वाटायचं कारण नाही. तुझ्या हाताला गुण आहे."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या हाताबद्दल बोलले, आणि तेही तिचं नाव वर घालताना. मी उठलो. काडतुसांचं मी सांगितलं नाही. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते दोनच शब्दांचं होतं. होऊ दे.

नवमीला सकाळी दुकानातली हत्यारं पाटावर मांडून अप्पा पूजेला बसले. अंजनी घरात नव्हती. देवीची ओटी भरायला लवकर गेली, असं ते म्हणाले. पकड, कानस, गज, एकेक हत्यार चाचपून ते त्याला हळदकुंकू लावत होते. बोटं नेमकी जागेवर जात नव्हती, कुंकू पाटावर सांडत होतं. बोलता बोलता म्हणाले, "हैबतराव आता माळावर निघाले असतील. म्हातारा यंदा पाचही बार स्वतः काढणार आहे. गाल दस्त्याला टेकवून नेम धरतो अजून."

तो गाल माझ्या डोळ्यांपुढं आला.

राजदूत मोटारसायकल कशी काढली, रस्त्यात कोण आडवं आलं, काही आठवत नाही. शिरगुंडी कराडपासून चौदा किलोमीटर. बाजारात झेंडूच्या गाड्या लागलेल्या, पुलावर बैलांची रांग. ओगलेवाडीच्या फाटकाशी आगगाडीसाठी थांबावं लागलं, तेव्हा मी गाडीवर बसूनच मोठमोठ्यानं काहीतरी बडबडत होतो, असं शेजारच्या टांगेवाल्याच्या चेहऱ्यावरून कळलं. गावाच्या अलीकडं ओढ्यापाशी पोचलो आणि पहिला बार ऐकू आला.

गाडी तिथंच टाकली आणि मळ्यातून धावत सुटलो. दुसरा बार झाला. माळाच्या टोकाला माणसं दिसत होती, मध्ये हैबतराव, पांढरा फेटा. मी ओरडलो, "सरकार, थांबा. काडतुसं चुकीची आहेत. खाली ठेवा." तिसरा बार माझ्या आवाजावरच झाला. मी त्यांच्यापर्यंत पोचेतो पाचही झाले होते. हैबतराव रायफल खांद्यावरून उतरवत माझ्याकडं बघत होते. गाल धड होता, डोळे पाणावलेले होते, पण ते आनंदानं.

"काय झालं, वामनराव?"

मला धाप लागली होती. तेवढ्यात मला त्यांच्या मागं, बायकांच्या घोळक्यात, बसलेली अंजनी दिसली. नवमीचं हिरवं लुगडं नेसलेली, मांडीवर सप्तमीची ती दोरा गुंडाळलेली पुडी. तिनं माझ्याकडं बघितलं. पण तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली. आधी आश्चर्य, मग हिशेब, आणि मग ती पांढरी पडली.

उठून ती पुढं आली. हैबतरावांना म्हणाली, "चूक माझीच, सरकार. सकाळी आले तेव्हा सांगितलं ना, परवा चुकीची पुडी दिली होती म्हणून. एस. टी. चुकली तर उशीर होईल, म्हणून यांनाही मागून गाडीवर यायला सांगितलं होतं. मी आधी पोचले, ते यांना कसं कळणार."

"बघा, किती जीव टाकता तुम्ही दोघं," हैबतराव म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना सांगितलं, या माणसाला बसायला द्या, पाणी द्या. मी ते पाणी प्यालो.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. पंगतीत मला हैबतरावांनी आपल्या शेजारी बसवलं. 

परतताना अंजनी म्हणाली, एस. टी. नं आले, एस. टी. नंच जाईन. मी गाडी ढकलत तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चाललो. घरं मागं पडली. मग ती पुढं बघत म्हणाली, "काल संध्याकाळी आवरताना खालचं पाकीट हलकं लागलं. रात्रभर सकाळच्या गाडीची वाट बघत पडले होते."

"मला उठवायचं होतंस."

"तुम्ही हसला असता." मग माझ्याकडं बघत म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी," मी म्हणालो. "पूजेसाठी कपाट उघडलं, तेव्हा पाकीट बघितलं."

तिनं हात कमरेशी नेला आणि किल्ल्यांचा जुडगा नुसता पदराबाहेर काढला. कपाटाच्या दोन्ही किल्ल्या त्यात होत्या.

मी गाडी उभी केली. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो.

"सप्तमीला," मी म्हणालो. "तू देत होतीस तेव्हाच."

"तेव्हाच."

"मी संध्याकाळी सांगणार होतो. देवाशपथ."

"दोन संध्याकाळी झाल्या," ती म्हणाली. ती रडली नाही, चिडलीही नाही. किल्ल्या परत पदराआड खोचत म्हणाली, "माझी चूक आईच्या काळजीत झाली. ती कुणाला सांगायची तर मला लाज वाटणार नाही. तुमचं मी अप्पांना सांगणार नाही. तुम्ही सांगायचं की नाही, ते तुम्ही बघा."

एस. टी. आली. ती चढली. खिडकीत बसली तरी तिनं बाहेर बघितलं नाही.

घरी जाऊन तिनं अप्पांना आपली चूक सांगितली. काही न वगळता, पण माझ्या गप्प राहण्याबद्दल एक अक्षर न काढता. अप्पा तिला म्हणाले, आधी माहेरी जाऊन ये. मला ते म्हणाले, "तू धावत गेलास म्हणे. बरं केलंस." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पाठ काढून घेतली नाही. पुढं पाच वर्षं ते होते, तरी मी त्यांना काही सांगितलं नाही.

डिसेंबरात लायसन झालं. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. ती दुकानात पूर्वीसारखीच बसायची, पोस्टकार्डं लिहायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. एकच गोष्ट बदलली. काडतुसं मोजून झाली, की पुडी बांधण्याआधी ती कागद उघडाच माझ्यापुढं आणून धरायची आणि विचारायची, "बघितलं?"

मी बुडं बघायचो, शिक्का बघायचो आणि म्हणायचो, "बघितलं."

मी मोठ्यानं बोलेपर्यंत ती दोरा गुंडाळायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. कुणी कुणी कौतुक करायचं, की पांचाळांकडं नवराबायको दोघं तपासून माल देतात. मला पहिली काही वर्षं तो शब्द उच्चारताना जड जायचं. रागही यायचा. मग राग गेला. मत्सर कधी गेला ते कळलं नाही, पण एक दिवस एका गिऱ्हाइकानं मला काहीतरी विचारलं आणि मी सहज म्हणालो, थांबा, अंजनीला विचारतो, आणि मग माझंच मला नवल वाटलं.

दोन हजार बारा साली आम्ही दुकान बंद केलं. लायसन जमा करायचं होतं. उरलेला माल साताऱ्याच्या एका परवानेदार दुकानदारानं घ्यायचं कबूल केलं. तो तरुण माणूस सकाळी जीप घेऊन आला. अशी काडतुसं त्यानं कधी बघितली नव्हती. अंजनी तेव्हा साठीला टेकलेली, चष्मा लावून कपाटापुढं पाटावर बसली होती. चारशे पाच, तीनशे अठरा, दोनशे ऐंशी, एकेक पाकीट काढून ती यादीशी ताडून बघत होती, बांधत होती, बाजूला ठेवत होती.

मी शेजारी उभा होतो. चार-पाच पाकिटं बांधून झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं मला काही दाखवलेलं नाही.

तिनं पुढच्या पाकिटाला दोरा लावला.

"मला दाखवायचं नाही का?" मी विचारलं.

"दाखवायचं कशाला," ती गाठ मारता मारता म्हणाली. "चुकलं असतं तर तुम्ही बोलला असता."